नागपूरच्या बर्डीतल्या त्या दुकानवाल्या दादांना

दादा, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे. पण वाचलं तर समजेलच कोणासाठी आहे: ज्यांनी बाबांच्या गाडीत गिअर दाखवणारे दिवे बसवून दिले, त्यांच्यासाठी.

बाबांना आता फारच कमी ऐकू येते. इंजिनचा आवाज कळत नाही, त्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे तेच लक्षात येत नाही, सिग्नलवरून तिसऱ्यातच उचलायला जातात न गाडी बंद, मग मागून हॉर्नवर हॉर्न (तोही ऐकू येत नाही, तेवढं एक बरं). तुमच्याआधी एका दुकानवाल्यानं सरळ ऑटोमॅटिक घ्या म्हणून सांगितलं. अहो, आमची जुनी मारुती 800 विकून त्यात काय टायर येणार का? दुसऱ्यानं पैसे घेऊन एक मीटर बसवून दिला, तो आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) आणि स्पीडच्या हिशोबानं गिअर दाखवते, म्हणजे गाडी उभी असली की हिशोबच संपला, आणि बाबांना तर नेमकं उभ्या गाडीतच पाहिजे! परत गेलो तर म्हणे, काकांना आता कशाला चालवू देता. बाबांच्या तोंडावर.

आणि तुम्ही काय केलं, तर बिलाच्या पुठ्ठ्याच्या मागे मार्करनं मोठ्ठं लिहिलं, "काका, गाडीत बसा, पहिला टाका". मग दुसरा, मग तिसरा. बाबांचा हात जिथे थांबला तिथे स्विच बसवायला खडूनं खूण केली, माझ्या हातानं टाकलेल्या गिअरवर नाही. मला तर तुम्ही काही विचारलंच नाही. घरचे पण आजकाल बाबांशी एक तर ओरडून बोलतो नाही तर बोलतच नाही, आणि तुम्ही अनोळखी माणूस असून त्यांनाच विचारून काम केलं. हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

बाकी वस्तू किती साधी! काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या, चुंबक जवळ आलं की जुळतात न दिवा लागते, रीड स्विच म्हणे. चार गिअरचे चार, लिव्हरला एक चुंबक, समोर चार एलईडी, रिव्हर्स नसताना एकही लागला नाही तर न्यूट्रल. रिव्हर्सचा स्विच तर गिअरबॉक्सवर असतेच, मागचा दिवा त्याच्यावरच लागते, म्हणून त्याला वेगळा लागला नाही. स्विचचे पाय (नळीबाहेरच्या तारा) वाकवताना तुम्ही नळीजवळ पक्कड धरली, काच तडकू नये म्हणून, आणि ग्लू गन बाजूला सारून म्हणाले, नागपूरच्या मे महिन्यात हे टिकत नाही, अरालडाइटच लावू.

एवढं करून घेतले फक्त सामानाचे पैसे. अशी माणसं आहेत म्हणून बाजारात जायची हिंमत होते दादा, नाही तर ज्याच्या त्याच्या डोक्यात नवीन वस्तू गळ्यात मारायचं.

रविवारी बाबाच गाडी घेऊन येऊन राहिले, तर्री पोहे खायला चला, नाही म्हणायचं नाही. आणि हो, तिसऱ्याचा दिवा खड्ड्यात थोडा लुकलुकते, तेवढं बघून द्याल.