वरच्या मजल्यावरचा गॅस

धुळे,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

भरिताच्या पार्टीचं आमंत्रण पोचलं. वांगी बामणोदची असतील तर वहिनींना सांग, कळण्याची भाकरी खायला मी नक्की येतो. वरच्या दोन खोल्या विद्यापीठाच्या पोरांना देणार आहेस, तेही चांगलंच. पण ‘गॅसचं काय, ते भाडेकरू पाहतील’ असं जे बोललास, ते काही मला पटलेलं नाही. फोनवर तुझ्यापुढे कोणाचं चालत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी पुतणी सध्या इंग्लंडात लेस्टरला शिकते. खोली ताब्यात द्यायच्या आधी घरमालकाने तिला एक कागद दिला. बॉयलर, म्हणजे घर आणि पाणी तापवायचं गॅसचं यंत्र, कधी तपासला, कोणी तपासला, काय दोष निघाला, सगळं त्यावर. मला आधी वाटलं, मालक हौशी दिसतो. पण तो कायदाच आहे. तिथल्या १९९८ च्या नियमांप्रमाणे मालकाने दिलेलं गॅसचं प्रत्येक उपकरण आणि त्याचं धुराडं दर १२ महिन्यांत तपासून घ्यावं लागतं, तेही ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असलेल्या कारागिराकडूनच. राहत्या भाडेकरूला तपासणीनंतर २८ दिवसांत प्रत द्यायची, नव्याला तो राहायला येण्याआधी. टाळाटाळ केली तर फौजदारी खटला. भाडेकरूने स्वतःची शेगडी आणली तर ती मालकाच्या गळ्यात नाही, पण घरातली गॅसची पाइपलाइन त्याचीच जबाबदारी. ज्याची वस्तू, त्याची जबाबदारी. मला हे फार रास्त वाटलं.

आपल्याकडे असा वार्षिक दाखल्याचा कायदा नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण म्हणून आपण मोकळे, असंही नाही.

तुझ्या गिझरचंच घे. विजेचं बिल नको म्हणून गॅस गिझर, आणि गॅलरीत जागा नाही म्हणून तो बाथरूममध्ये. आपण मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारी माणसं, थंडीला कोण मोजतो? पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा ५-६ वर येतो. पोरं काय करतील? झरोक्याला पुठ्ठा लावतील, दाराला आतून कडी घालतील आणि नळ सोडून ठेवतील. गिझरची ज्योत त्या चिमुकल्या खोलीतला ऑक्सिजन खात जाते. तो कमी पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, म्हणून गळती निदान नाकाला कळते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग चक्कर येते, आणि आंघोळ करणाऱ्याला वाटतं की वाफेनेच गरगरतंय. कडी काढायला हात उचलायचा, तर हातात जोर नसतो. काय सांगू तुले, दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते आणि आपण ती वाचून पान उलटतो.

आता असं काही तुझ्या घरात झालं, तर पोलीस पहिला प्रश्न हाच विचारतील की गिझर तिथे बसवला कोणी. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आहे की जागेतला जो मोठा दोष मालकाला ठाऊक आहे आणि भाडेकरूच्या सहज लक्षात येणार नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. तुझा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसती राहायची परवानगी, भाडेपट्टा नव्हे, म्हणून वकील फाटे फोडील. फोडू दे. ज्याला धोका माहीत आहे त्याने तो सांगायला कलम कशाला लागतं?

तेव्हा गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत लाव. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. गॅलरीत जागा होतच नसेल तर विजेचा गिझर घे आणि बिल पोरांकडून घे, ते कुरकुरत देतील. झरोका बंद करता येणार नाही अशी जाळी ठोक.

सिलिंडर हा दुसरा घोर. तुझ्या नावावरचा वर देऊ नकोस. कनेक्शन तुझ्या नावाचं आणि तुझ्या स्वयंपाकघरासाठी आहे. उद्या काही झालं तर विम्याच्या दाव्यात तिथेच खुसपट निघेल. पोरांना ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, तो घेऊ दे. गल्लीतल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देतात, ते मात्र कडक शब्दांत बंद करायला सांग. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलायची. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली आणि उभा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर बटण दाबायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या आणि गॅसगळतीच्या मदतीच्या १९०६ या नंबरला फोन लावायचा. हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवून घे, कागद चिकटवलास तर पोरं फाडतील.

हे सगळं करारात लिही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवला नाहीस तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरतात, उलट सिद्ध करणं तुझ्या गळ्यात. कोणती वस्तू तुझी, कोणती त्यांची, नळी कोणत्या तारखेला बदलली, एवढं तरी लिहून त्यांची सही घे. एजंटाकडचा छापील नमुना जसाच्या तसा वापरू नकोस, त्यात पंखे आणि ट्यूबलाइट मोजलेल्या असतात, गॅसचं नाव नसतं.

मसुदा तयार झाला की मला पाठव. आणि गिझरवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मागायला लाजत असशील, तर त्याचा नंबर दे, मी बोलतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना