फाइल परत पाठवताना

वाळपई,
दि. १२ एप्रिल

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू घरी विसरून गेलेली मराठी लेखनवर्गाची फाइल उद्या काकांबरोबर तुझ्या वसतिगृहावर पाठवत आहे. ती तुला न विचारता वाचली, याबद्दल रागावू नकोस. आत आजोबांच्या फेणीच्या भट्टीविषयी लिहिलेले आहे असे आई म्हणाली आणि मग मला राहवले नाही.

आधी जे आवडले नाही ते सांगतो. शेवटी जोडलेले, वर्षभरात लेखनात काय प्रगती झाली हे सांगणारे टिपण मला सगळ्या फाइलमध्ये फिके वाटले. ‘या अभ्यासक्रमामुळे माझ्या लेखनकौशल्यात लक्षणीय सुधारणा झाली असून माझा आत्मविश्वासही वृद्धिंगत झाला आहे’ या प्रकारची वाक्ये मी पंचायतीच्या कचेरीत जवळजवळ तीस वर्षे लिहीत आलो आहे, आणि त्यांचा मोठा गुण हा की ती गटाराच्या कामाविषयीही चालतात आणि मुलीच्या लेखनाविषयीही. तुझी प्रगती झाली आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ती या टिपणात नाही, त्याच्या मागे लावलेल्या फेणीवरच्या निबंधाच्या तीन खर्ड्यांत आहे.

पहिला खर्डा ऑगस्टमधला आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, हे सगळे तू पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून टिपले होतेस आणि त्यात चूक काही नाही. मात्र त्या पाच पानांत आपल्या डोंगराचा वाससुद्धा नाही. समासात तुमच्या मॅडमनी एवढेच विचारले आहे : ‘बोंडू तुडवणारा माणूस कशाला धरून उभा असतो?’ जन्मापासून दर उन्हाळ्यात बोंडू, म्हणजे काजूची फळे, तुडवताना पाहिलेल्या मुलीला याचे उत्तर देता आले नाही, हे वाचून मी क्षणभर थांबलो, कारण ते मलाही आठवेना.

दुसरा खर्डा तू शिगम्याला घरी आलीस, वही घेऊन आजोबांच्या मागोमाग डोंगरावर गेलीस, त्यानंतरचा. यात सगळे आले : बोंडू तुडवायची कातळात कोरलेली कुंडी म्हणजे कोळंबी, तुडवलेल्या बोंडूंच्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर ठेवलेले वजन, रस उकळायचे तांब्याचे भांडे म्हणजे भाण, आजोबांचे दुखरे गुडघे आणि त्यांनी धरलेली आंब्याची फांदीही. अकरा पाने झाली. पण बाय, त्यातली वाक्ये मराठी अक्षरांत लिहिलेली इंग्रजी होती. ‘फेणी ही एक अशी गोष्ट आहे जी आपल्या संस्कृतीचा भाग आहे’ या घाटाची चौदा वाक्ये मी मोजली. यात तुझा दोष फारसा नाही. चौथीपर्यंत तू सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलीस आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले. मराठीचा एक तास उरला, तोही पाठ केलेल्या निबंधांचा. पुढचे सगळे विचार तू ज्या भाषेत करायला शिकलीस, तिचाच सांगाडा हातात येणार.

तिसऱ्या खर्ड्यात अकराची चार पाने झाली आहेत. ‘काजूचे फळ’ जाऊन ‘बोंडू’ आला आहे. कोळंबी, भाण, नीरो हे शब्द तू अवतरणचिन्हांत न कोंडता असे वापरले आहेस की पुण्याच्या वाचकालाही ते पुढच्या वाक्यावरून कळावेत. हे मला विशेष वाटले, त्याला कारण आहे. घरात कोंकणी बोलायची आणि आरती, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र मराठीत वाचायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालले होते. पण १९८७ साली कोंकणीला गोव्याची राजभाषा करणारा कायदा झाला, त्याच्या आगेमागे मी शाळेत होतो आणि कोणती भाषा आपली यावरून एकाच पडवीत बसणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. तेव्हापासून मराठी लिहिताना कोंकणी शब्द आला की माझा हात आपोआप तो खोडतो. तुझा खोडत नाही. (तरीही दुसऱ्या पानावर असे शब्द जरा दाटीने आले आहेत. दोन कमी केलेस तर बरे.)

याच खर्ड्यात तू एक संपूर्ण परिच्छेद काट मारून काढला आहेस. माणसाचे आयुष्यही भट्टीसारखेच असते, तापल्यावाचून सत्त्व उतरत नाही, असे काहीसे त्यात होते. मी असतो तर तो ठेवला असता, आणि कदाचित त्यानेच निबंध संपवला असता. त्याच्या जागी तू लिहिले आहेस : ‘भट्टीपुढे बसले की आजोबा बोलत नाहीत. धार कशी पडते आहे ते कानाने ऐकतात.’ तुझ्या टिपणात प्रगतीचा पुरावा म्हणून ही खोडलेली ओळ आणि ही ठेवलेली ओळ शेजारी शेजारी मांड, आणि पहिली का काढावीशी वाटली ते तुझ्या शब्दांत सांग. ‘वृद्धिंगत’ माझ्या कचेरीसाठी राहू दे.

निबंध मी काल रात्री आजोबांना वाचून दाखवला. गुडघ्यांच्या उल्लेखावर ते किंचित नाराज झाले, बाकी डोळे मिटून ऐकत होते. हुर्राक पहिल्या गाळपाचा आणि फेणी दुसऱ्या, हे तू नीट लिहिले आहेस. परंतु ‘नीरो आंबवून भाणात घालतात’ या वाक्यावर ते मोठ्याने हसले. आंबवायचा तो तुडवून काढलेला रस. नीरो म्हणजे नंतर वजनाखालच्या ढिगातून थेंब थेंब पाझरतो तो, आणि तो ताजाच प्यायचा असतो. शुक्रवारी फाइल द्यायची आहे, त्याआधी एवढे दुरुस्त कर.

आई काकांबरोबर नीरोची बाटली देणार होती, पण पणजीला पोहोचेपर्यंत तो आंबेल असे आजोबांचे म्हणणे पडले. तेव्हा परीक्षा संपली की लगेच ये. अजून पंधरा-वीस दिवस बोंडू पडत राहतील.

तुझे बाबा