तीन मिनिटांत शंभर फेरे: एक जाहीर आभार पत्र

प्रिय रेकॉर्ड प्लेअरवाले काका,

सप्रेम नमस्कार.

पोको या अमेरिकन बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर आमच्या बैठकीत जी मतं पडली होती, त्यातली निम्मी तुम्ही एका कागदाच्या चिटोऱ्याने मोडीत काढलीत. त्याबद्दल आभार, आणि तेही जाहीर. कारण अमेरिकेहून आणलेला जुना प्लेअर इथल्या विजेवर लावणारे आम्हीच एकटे नसणार.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1968 मध्ये बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड फुटला, त्यातून रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी लॉस एंजेलिसमध्ये पोको उभा केला. सोबत रस्टी यंग, जॉर्ज ग्रँथम आणि रँडी माइझनर. ‘पिकिन अप द पीसेस’ हा पहिला अल्बम 1969 चा. हेच पाच जण वीस वर्षांनी, 1989 मध्ये, ‘लेगसी’साठी पुन्हा एकत्र आले. बैठकीतले बरेच जण आधी ‘लेगसी’ ऐकून मग उलटे पहिल्या अल्बमकडे वळलेले, त्यामुळे तुलना आलीच.

मतं अशी होती: गाणी रेंगाळतात. फ्युरेचा आवाज जाड आहे, उगाच उंच गायक म्हणून नाव झालंय. स्टील गिटार रडकी वाटते. ऑर्गन बरा आहे, पण वाजवलाय कोणी ते कव्हरवर कुठेच नाही. फोनवर तीच गाणी चटपटीत वाटतात म्हटल्यावर एकाने ठासून सांगितलं, की सीडी काढताना कंपनीने वेग वाढवला असणार.

तुम्ही मतांमध्ये पडलाच नाहीत. लेबलजवळ कागदाचा चिटोरा चिकटवलात, पिन खोबणीत ठेवलीत आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजलेत. मिनिटाला 33⅓ फेरे या रेकॉर्डच्या ठरलेल्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर 100 फेरे व्हायला हवेत. झाले 83 आणि वर थोडे.

कारण तुम्ही सांगितलंत ते इथे लिहून ठेवतो, कारण नेमकं हेच कोणी सांगत नाही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 115 करतो, पण 50 हर्ट्झचे (सेकंदाला विजेची किती आवर्तनं, ते माप) तिकडचे 60 करत नाही. जुन्या बेल्टवाल्या प्लेअरची सिंक्रोनस मोटर वेग व्होल्टेजवरून नाही, हर्ट्झवरून घेते. तिकडे मिनिटाला 300 फिरणारी मोटर इकडे 250 फिरते. रेकॉर्ड 27.8 वर येते, तीन मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 36 सेकंद चालतं, आणि सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो. पांढरी पाचमधलं गाणं पांढरी तीनच्याही किंचित खाली. फ्युरे जाड वाटेल नाही तर काय!

खरी गंमत थाळीच्या कडेवरच्या ठिपक्यांची. त्यांच्यावर एक लुकलुकणारा निऑन दिवा पडतो, आणि दर लुकलुकीला एक ठिपका पुढच्याच्या जागी आला की ते स्थिर दिसतात. ‘ठिपके स्थिर दिसतायत, म्हणजे वेग बरोबर’ हा आमचा हुकमी एक्का होता. तुम्ही हिशेब मांडलात. 60 हर्ट्झसाठी थाळीवर 216 ठिपके असतात. आपल्याकडचा निऑन दिवा सेकंदाला 100 वेळा, म्हणजे मिनिटाला 6000 वेळा लुकलुकतो. 6000 भागिले 216 म्हणजे 27.8. म्हणजे थाळी नेमक्या चुकीच्या वेगाला फिरली की ठिपके ठार स्थिर! घड्याळ मागे, आणि ज्या घड्याळावरून ते लावायचं तेही तेवढंच मागे. आपल्या विजेला 180 रेघांची चकती लागते. ती साध्या पिवळ्या बल्बखाली धरायची, कारण चांगला एलईडी लुकलुकतच नाही आणि रेघा नुसत्या पुसट दिसतात.

वेग भरून काढायला मोटरवरची, बेल्ट फिरवणारी पुली 60 भागिले 50, म्हणजे 1.2 पट मोठी हवी. ते कामही तितकंच निगुतीचं. जुनी पुली साडेएकवीस मिलिमीटर, तिची 1.2 पट म्हणजे 25.8, असं आम्ही परस्पर लेथवाल्याला सांगून टाकणार होतो. तुम्ही थांबवलंत. बेल्टची जाडी हिशेबात धरायची असते, कारण बेल्ट पुलीच्या अंगावर नाही, स्वतःच्या जाडीच्या मध्यावर फिरतो. अर्धा मिलिमीटरचा बेल्ट धरला की मूळ माप 22, त्याची 1.2 पट 26.4, त्यातून अर्धा वजा, म्हणजे 25.9. एक दशांशाचा फरक, पण त्याने वेग सुमारे 0.4 टक्के कमी पडला असता. शिवाय पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेवायला सांगितलात, नाहीतर बेल्ट कडेला सरकून उतरतो. आणि ट्रान्सफॉर्मर 115 ऐवजी 100 व्होल्टच्या टॅपवर, म्हणजे जोडणीवर, घेतलात. 60 हर्ट्झची मोटर 50 वर जास्त करंट ओढते आणि तापते. आमची मोटर हात लावला की चटका द्यायची, ते तिच्या वयावर गेलं होतं.

आता मतांचं काय झालं ते. ‘रेंगाळतात’ आणि ‘जाड आवाज’ ही दोन्ही मतं मागे घेतली आहेत. रस्टी यंगच्या ‘ग्रँड जंक्शन’मध्ये तर वेग दुरुस्त झाल्यावर स्टील अक्षरशः उड्या मारते. सीडीवाल्या आरोपाबद्दल संबंधित सभासद हल्ली गप्प आहेत.

ऑर्गनचं कोडं मात्र वेगाने सुटलं नाही, आणि तेही सोडवलंत तुम्हीच. ऑर्गन नाहीच तो. यंग पेडल स्टील, म्हणजे तीच स्टील गिटार, लेस्ली नावाच्या स्पीकरमधून वाजवायचा. त्या पेटीत कर्णा गरागरा फिरतो, सेकंदाला साधारण सहा-सात वेळा, म्हणून सूर लहरतो आणि कानाला हॅमंड ऑर्गन वाटतो. ओळखण्याची खूण तुम्ही दिलीत: ऑर्गनमध्ये एका स्वराकडून दुसऱ्याकडे उडी असते, इथे मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, सापडते. मींड म्हटल्यावर बैठकीतल्या पेटीवाल्यांना लगेच पटलं.

काही तक्रारी मात्र उरल्या, आणि त्या मशीनच्या नाहीत. ध्वनिमिश्रण चरचरीत आहे, ड्रम पातळ आहेत, गोडवा अधूनमधून अति होतो. आणि ‘माइझनरची गाणी छान’ म्हणणाऱ्यांना इथेच सांगतो: शेवटच्या मिश्रणाच्या कामातून वगळल्यावर तो रुसून बँडमधून बाहेर पडला, त्याने मुख्य गायलेल्या जागा ग्रँथमने पुन्हा गायल्या, आणि कव्हरवर त्याच्या जागी कुत्रा काढला गेला. बास मात्र त्याचाच आहे. तेव्हा दाद द्यायची तर बासला द्या.

लेथवाल्याचे पैसे तुम्ही परस्पर दिलेत, ते घ्यायला तरी रविवारी या. ‘लेगसी’ आणि हा अल्बम पाठोपाठ लावणार आहोत. जुनी पुली टाकलेली नाही. पाकिटात घालून वर ‘60’ लिहिलंय आणि थाळीखाली चिकटवून ठेवलीय. प्लेअर पुन्हा कधी तिकडे गेला तर उलटी फसगत नको.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रविवारच्या बैठकीतले श्रोते