बोट आणि बोल पुन्हा जुळवून देणाऱ्या शूटिंगवाल्यांस

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही मला निघताना बजावले होते, आणि त्यामागचे कारणही सांगितले होते: लग्नसराईच्या तोंडावर गावातले सगळे बिघडलेले लॅपटॉप तुमच्या दारात यायला नकोत. म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही आणि ते चारचौघांत मानावेत असे वाटते.

मी मिरजेत तबला शिकवतो. निम्मे विद्यार्थी समोर बसतात आणि निम्मे पडद्यावर. त्यांत पुण्या-नाशिकचे आहेत तसे न्यू जर्सीचेही आहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात माझे हात धड दिसत नसत, म्हणून एका जुन्या शिष्याने त्याचा मोठा कॅमेरा आणि त्यातले चित्र कॉम्प्युटरला पोहोचवणारे कॅप्चर कार्ड मला आणून दिले. चित्र इतके सुरेख दिसू लागले की तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवरची बारीक भेगाळ नक्षीसुद्धा मोजता यावी. फक्त ते चित्र आवाजाच्या मागे पडत होते. माईक थेट कॉम्प्युटरला जोडलेला असल्यामुळे बोल वेळेवर पोहोचत आणि बोटे मागाहून येत.

व्याख्यान देणाऱ्याचे ओठ असे मागे पडले तर ऐकणारा थोडा वैतागतो आणि सोडून देतो. तबल्यात तसे चालत नाही. तीनतालाची लय मिनिटाला 150 मात्रांची धरली आणि एका मात्रेत ‘तिरकिट’ बसवले, तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला जेमतेम 100 मिलिसेकंद येतात. चित्र 170 मिलिसेकंद मागे असेल, तर कानावर ‘कि’चा, म्हणजे डाव्या हाताचा, डग्गा पडण्याच्या सुमारास डोळ्यांना ‘ति’ वाजवणारे उजव्या हाताचे बोट दिसते. मुले मन लावून माझा हात पाहत आणि अत्यंत प्रामाणिकपणे चुकीचे शिकत.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याविषयी फार लिहीत नाही, पण अगदीच न लिहिणे म्हणजे त्यांच्यावर उपकार होतील. एका दुकानाने माझे बोलणे पुरते न ऐकताच नवा कॅमेरा दाखवायला सुरुवात केली. इंटरनेटवाल्यांनी दर वेळी अधिक वेगाचा, अर्थातच अधिक पैशांचा प्लॅन सुचवला. फोनवरच्या एका मदतनीस बाईंनी मला ‘रीस्टार्ट करून पाहा’ असे इतक्या गोड आवाजात आणि इतक्या वेळा सांगितले की शेवटी मला त्यांच्या चिकाटीचेच कौतुक वाटू लागले. यांपैकी एकानेही विचारले नाही की मी नेमके वाजवतो तरी काय.

तुम्ही विचारलेत. खरे तर हे पत्र त्या एका गोष्टीसाठीच आहे. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून, कॅमेऱ्याला हातही न लावता, तुम्ही सतरंजीवर माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, “आधी वाजवून दाखवा, सर. खरं कसं दिसतं ते कळल्याशिवाय खोटं कुठे आहे ते मला कसं कळणार?” मग मी ‘तिरकिट’ सावकाश वाजवले. कोणत्या अक्षराला कोणता हात पडतो ते तुम्ही विचारून घेतलेत आणि स्वतःच्या गुडघ्यांवर दोन्ही हातांनी ते घोळवत राहिलात. ‘ट’ला तुमची तर्जनी पडली तेव्हा मी सवयीने टोकले, आणि तुम्ही “हां हां, मधलं” म्हणून मुकाट्याने सुधारून घेतलेत. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आधी शिकायला बसावे, हे मी माझ्या घरात पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढचे काम तुम्ही किती झटपट उरकलेत! वाय-फाय बंद करून लॅपटॉपवरच रेकॉर्डिंग केलेत, आणि तरीही बोटे मागेच राहिलेली दाखवून इंटरनेटला निर्दोष सोडलेत. फोनवर स्टॉपवॉच लावून तो कॅमेऱ्यापुढे धरलात, आणि फोन व पडदा या दोघांचा मिळून एकच फोटो काढलात. दोन आकड्यांमधला फरक हाच उशीर, हे लहान मुलालाही कळले असते. माझे कार्ड यूएसबी 2.0 चे असल्याने त्याच्या वाटेतून सेकंदाला फार तर 480 मेगाबिट जातात, पूर्ण एचडी चित्राला न दाबता पाठवायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, म्हणून कार्ड चित्र आधी दाबते आणि कॉम्प्युटर ते पुन्हा उलगडतो आणि त्यात वेळ जातो, हेही तुम्ही समजावलेत. दर सेकंदाला 25 चित्रे घेतली तर एकेका चित्रामागे 40 मिलिसेकंद जातात आणि वाटेत दोन-तीन चित्रे साठून राहिली की काम बिघडते. 50 घेतली तर तोच हिशेब निम्म्यावर येतो. साठ का नकोत, या माझ्या प्रश्नावर तुम्ही आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते, असे उत्तर दिलेत. त्या कार्डाला हा वेग झेपावा म्हणून चित्र 1080 ऐवजी 720 रेषांचे करावे लागले आणि माझी शाईची नक्षी गेली. “थोडं कमी दिसेल, पण वेळेवर दिसेल,” असे तुम्ही म्हणालात. तबलजीला यापेक्षा पटणारा सौदा कुणी सांगू शकला नसता.

तरीही उरलेला उशीर होताच, आणि चित्राला आणखी लवकर आणता येत नाही म्हणून तुम्ही आवाजाला तेवढाच थांबवून ठेवलात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवरचा दोरा जसा केसभर सरकवतो आणि कान देऊन थांबतो, तसे तुम्ही दहा-दहा मिलिसेकंद सरकवत होतात आणि दर वेळी मला वाजवायला लावत होतात. शेवटी मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, “आता डग्ग्याला डग्गाच दिसतोय.”

नंतर मी थोडे वाचले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे गेला तर साधारण 45 मिलिसेकंदांतच माणसाला ते जाणवते, मागे राहिला तर मात्र 125 पर्यंत जाणवत नाही. नवल नाही. मैफलीत 34 मीटर मागे बसलेल्या श्रोत्याला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिराच ऐकू येते आणि त्याचे काही बिघडत नाही; हात पडण्याआधी थाप ऐकल्याचा अनुभव मात्र कुणाच्याच गाठीशी नसतो.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे ऋण मानतो. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्याबरोबर एकत्र वाजवता येईल का, असे मी आशेने विचारले, तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. बारा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, काचेच्या तारेतून प्रकाशालाच जायला 60 मिलिसेकंद लागतात आणि तेवढेच परत यायला, तेव्हा कुणी होय म्हणाले तर त्याला पैसे देऊ नका, असे सांगितलेत. तुम्ही स्वतः मात्र पैसे घेतलेत, आणि रास्त घेतलेत, हे मला फार बरे वाटले. फुकटच्या उपकाराखाली दबून मला पुन्हा तुम्हाला बोलावता आले नसते. नवे कार्ड घेऊ का, यावर “सध्या गरज नाही” हे उत्तर देताना आपलीच विक्री बुडते आहे याची तुम्हाला यत्किंचितही खंत दिसली नाही. सचोटी म्हणून जे म्हणतात ते आमच्या पेठेत अजून शिल्लक आहे, एवढे मी यापुढे कुणालाही ठामपणे सांगेन.

न्यू जर्सीच्या त्या मुलाचा ‘तिरकिट’ आता सुटा आणि स्वच्छ पडतो. कॅमेरा किंवा कार्ड बदलले तर आकडा पुन्हा मोजावा लागेल, असे तुम्ही सांगितले होते, म्हणून मी घरात कुणालाही त्या सेटिंगला हात लावू देत नाही. लग्नसराई संपली की एकदा या. गुडघ्यांवर तुम्ही धरलेला ठेका बरा होता, पण डावा हात फार जड पडतो. तो मी सुधारून देईन.

आपला कृतज्ञ,
एक तबलाशिक्षक, मिरज