मराठी शाळेची जुनी खोली वाचवू या : माजी विद्यार्थी आणि माहेरवाशिणींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

बोरीकाठच्या आपल्या गावात, मारुतीच्या पाराशेजारी उभ्या असलेल्या जुन्या मराठी शाळेच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे आला आहे. निर्लेखन झाले की इमारत पाडतात. ती पाडू नये, दुरुस्त करून वाचनालयासाठी गावाला द्यावी, असा ठराव ग्रामसभेने केला आहे. परवानगीचा पाठपुरावा आम्ही करूच. दुरुस्तीला आपला हातभार हवा.

खोली लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदांच्या आधीच्या काळातली. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर ‘पूर्व खानदेश’ असे, म्हणजे जळगाव जिल्ह्याचे जुने नाव छापलेले आहे. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेली. दुसरी खोली मिळाली ती 1987 नंतर, खडू-फळा मोहिमेत. तोवर चार इयत्ता, एक गुरुजी आणि हे एकच छत. एका भिंतीशी पहिलीची पोरे उजळणी म्हणत, दुसऱ्या भिंतीशी चौथीचे भागाकार चालत. मोठ्यांची पावकी-निमकी ऐकून ऐकूनच लहानांना पाठ होई. घरी अहिराणी बोलणाऱ्या आपल्या कितीतरी पिढ्यांनी पुस्तकातली मराठी पहिल्यांदा इथे ऐकली.

काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती आजही ओळंब्यात आहेत. दुखणे आहे ते धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला. त्यावर वर्षानुवर्षे खारी माती पडली नाही, पाणी मुरले, छत तोलणाऱ्या सागाच्या कड्यांना वाळवी लागली. त्यात मध्यंतरी, चांगल्या हेतूनेच, भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याची भिंत ओल घेते तशी वाऱ्याने सोडतेही. सिमेंटखाली ती ओल कोंडली आणि भिंतीत बसलेली कड्यांची टोके कुजली. म्हणून तो गिलावा काढून चुन्याचाच करायचा आहे. स्लॅब टाका, असे काहीजण सुचवतात. आम्हाला ते मान्य नाही. तो भार या भिंतींवर नको.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, पावती जरूर घ्यावी. अंदाजपत्रक तिथल्या फळ्यावर लावले आहे, खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. कुणी जुने घर उतरवत असेल, तर चांगल्या सागवानी कड्या आमच्यासाठी ठेवा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी माहीत असेल तर कळवा. शाळेचे जुने फोटोही हवेत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांतल्या अनेकींनी पहिली पाटी इथेच धरली. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदान आहे. घमेले-फावडे घेऊन या. मृगाच्या आत धाबे झाकायचे आहे.

आपले,
समस्त ग्रामस्थ व माजी विद्यार्थी