मोठा हेकरू पाण्यातच राहू द्या: मत्स्यव्यवसायमंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसायमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पिल्लं धरू नका, हा नियम चांगलाच आहे. पण हेकरूच्या, म्हणजे ग्रूपरच्या बाबतीत तो अपुरा पडतो, म्हणून हे पत्र.

हेकरूच्या बऱ्याच जाती मादी म्हणून वयात येतात आणि थोराड झाल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. त्यामुळे नर हे बहुधा सगळ्यात मोठे मासे. जाळीवाल्याला तेच हवेत, हौसेने गळ टाकणाऱ्यालाही तेच. नुसत्या किमान लांबीच्या नियमाने सगळा मारा या नरांवर येतो. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग ग्रूपरमध्ये १९७० च्या दशकात नर सुमारे १७ टक्के होते. पुढच्या वीसेक वर्षांत ते २ टक्क्यांच्या आसपास उरले. नरच नसतील तर अंडी फळणार कशी?

त्यात विणीची सवय घातक. एरवी कपारीत एकटा राहणारा हा मासा विणीला ठरलेल्या जागी, अनेकदा पौर्णिमेच्या सुमारास, शेकडो-हजारोंनी जमतो. जागा कळली की थोड्याच हंगामांत ती ओस पडते. कॅरिबियन समुद्रातल्या नासाऊ ग्रूपर या जातीची तीच गत झाली. तिथल्याच केमन बेटांनी मात्र २००३ मध्ये विणीच्या जागी मासेमारी थांबवली आणि लिटल केमनजवळचे मासे पुढे तिपटीहून जास्त झाले. तिथे आता डिसेंबर ते एप्रिल पूर्ण बंदी असते, एरवीही १६ ते २४ इंचांमधलाच मासा ठेवता येतो. ही वरची मर्यादा आपल्या नियमांत यावी, ही माझी मुख्य मागणी.

अर्थात मोठा मासा नुसता सोडून भागत नाही. खोलातून ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून लोंबतं. त्यालाच पिशवी समजून लोक टोचतात! वजन लावलेल्या चिमट्याने त्याला पुन्हा खोलवर नेऊन सोडलं तर तो जगण्याची शक्यता बरीच वाढते. असा चिमटा गळाच्या प्रत्येक बोटीवर सक्तीचा करा.

विणीच्या जागा जुन्या मच्छीमारांना विचारा, पण त्यांचा नकाशा जाहीर करू नका. बंदीच्या काळात विक्रीही थांबवा आणि ज्यांची चूल यावर चालते त्यांना भरपाई आधी द्या, नंतर नव्हे.

कळावे,
आपला विश्वासू