रेघ ओली

कोल्हापूर,
१४ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

तुझी चाल मिळाल्याला तीन आठवडे झाले. दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मुखडा, गाण्याची पहिली ओळ, हाताला लागत नव्हता, दुसरं काही कारण नाही. काल रात्री लागला.

आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत, तू बघितल्यास. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. गाणं त्यांच्यावरच करायचं हे ठरलं होतं. मी लिहिलं, ‘भिंतीवर राहिली रेघ’. कागदावर ओळ चांगली दिसत होती. दादऱ्यात, तुझ्या त्या सहा मात्रांच्या तालात, म्हणून बघितली आणि अडलो. ‘भिंतीवर’च्या सहा मात्रा, तालाचा एक फेरा, एक आवर्तन, बरोबर भरतं. पण शेवटचा सूर तू लांब धरलास, आणि माझा शब्द ‘घ’वर संपतो. ‘रे’ कितीही ओढला तरी शेवटी गळा बंद. आपल्या मराठीत हे फार होतं बघ. आठवण, पाऊस, घर, सगळे शब्द बोलताना व्यंजनावर मिटतात.

रंकाळ्यावर फेऱ्या मारताना आपल्या कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांची गायकी आठवली. तो ‘आ’वर घेतलेला मोकळा, लांब श्वासाचा आकार. आणि सुधीर फडके तर याच गावात जन्मले, १९१९ साली. त्यांच्या गाण्यात शेवटचं अक्षरसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. सूर मोकळा हवा आणि शब्दही मोडता कामा नये, दोन्ही पाहिजे. मग रात्री स्वयंपाकघरात ताटावर ठेका धरून म्हणत बसलो. ‘भिंतीवर’ एक आवर्तन. ‘रेघ ओ’ दुसरं. आणि समेवर, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘ली’, ते अख्खं आवर्तन धरून.

भिंतीवर रेघ ओली.

अरे, ‘ओली’ मी फक्त ईकार पाहिजे म्हणून घेतला होता! म्हटल्यावर कळलं, रेघ खरंच अजून ओली आहे. इतक्या वर्षांनी पावसाळ्यात आई रोज तिच्यावर हात ठेवून बघते. हे मला माहीत होतं, पण गाण्यात आणायचं सुचलं नव्हतं. तुझ्या चालीनं ते मागून घेतलं.

अंतऱ्यात आधी कपाट, टीव्ही, वह्या, सगळी यादी भरली होती. ती काढून टाकली. पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडलं तेव्हा ज्वारीच्या पोत्याला कोंब आले होते. आई त्या पोत्यापाशी बसली आणि बराच वेळ उठली नाही. अंतऱ्यात आता तेवढंच आहे.

एक मागणं आहे. अंतऱ्याची शेवटची ओळ ‘कोंब’वर संपते. ‘ब’वर ओठ मिटतात, आणि इथं मला मिटलेलेच हवेत. तिथला लांब सूर आखूड कर, दोन मात्रांत संपव, मग थोडं रिकामं राहू दे. मुखडा त्याच्यानंतर येऊ दे.

करून बघ आणि लगेच पाठव. या वेळी फोन पहिल्या रिंगला उचलतो.

तुझा,
मित्र